ओळखीचं स्थळ

पोरी, सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. तुला जो परत भेटलाय तो तुझ्या ओळखीचा माणूस नाही. ओळखीचा होता तो आकुर्डीच्या शाळेतला, तुझ्या वहीत भूमितीच्या आकृत्या काढून देणारा मुलगा. आता आलाय तो पन्नाशीला टेकलेला, चाकणला मेंटेनन्स खात्यात काम करणारा, एक लग्न मोडलेला गृहस्थ. नाव तेच, हसणंही तेच असेल. पण मधल्या सगळ्या वर्षांत तो कुठे राहिला, कोणाशी कसा वागला, पैसा कसा कमावला, कसा घालवला, यातलं तुला काही ठाऊक नाही. म्हणून माझा मुख्य कानमंत्र हाच: त्याला नवं स्थळ समज. तुझ्या ताईच्या वेळी आपण मुलाची जशी चौकशी केली, तश्शीच याची कर. मनाला आनंद झालाय तो होऊ दे, त्याला कोण अडवतंय! पण या आनंदातच चौकशी राहून जाते. पहिल्या प्रेमात तर हमखास राहते, कारण 'मी याला लहानपणापासून ओळखते' असं वाटत असतं.

तू एकटीच या वाटेवर आहेस असं समजू नकोस. दहावीच्या बॅचचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाले, मग स्नेहमेळावे सुरू झाले. फेटे, सरांचा सत्कार, जेवण, फोटो आणि त्या गर्दीत कोपऱ्यातलं एखादं बोलणं. 2017 च्या जानेवारीत 'ती सध्या काय करते' हा सिनेमा आला, तेव्हापासून तर हा प्रश्न घराघरांत विचारून झालाय. त्या सिनेमातल्या नायकाचं लग्न झालेलं आहे, हे मात्र पुष्कळजण विसरतात. तुझ्या बरोबरीच्या मैत्रिणींनी विचारलं तर त्यांना माझा निरोप सांग: समोरच्याचा संसार चालू असेल, किंवा आपला चालू असेल, तर चहा प्यावा, मुलाबाळांची चौकशी करावी आणि घरी यावं. रात्री अकरानंतर फोनवर मेसेज सुरू झाले की दोन घरं हलतात. यात मी कोणाची गय करणार नाही.

तुझं तसं नाही. आमचे जावई, तुझे यजमान, जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि तोही एकटा आहे म्हणतो. 'म्हणतो' असं मी मुद्दाम म्हटलं. घटस्फोट झालाय हे तोंडी ऐकून घ्यायचं नाही. कौटुंबिक न्यायालयाच्या हुकूमनाम्याची नक्कल मागायची आणि ती स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची. निकालाची तारीख बघायची, अपिलाची मुदत उलटली का ते बघायचं, पोटगीचा आकडा बघायचा. 'आम्ही दहा वर्षं वेगळे राहतो' याला घटस्फोट म्हणत नाहीत. पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न कायद्याने लग्नच नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या 82 व्या कलमाखाली त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तुझ्या हातात बायकोचा भरवशाचा हक्क उरत नाही. कागद मागितला म्हणून त्याला राग आला, तर तो राग लक्षात ठेव. ज्याचं सगळं सरळ आहे तो दुसऱ्या दिवशी झेरॉक्स आणून देतो.

आता तुमच्या ताटातुटीबद्दल. आपल्या या भागात पोराबाळांच्या प्रेमाचा निकाल बापाच्या नोकरीवर लागायचा. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी झाली, टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. साताऱ्या-सांगलीकडची, सोलापूर-लातूरकडची माणसं ट्रंक आणि वळकटी घेऊन इथे उतरली. कॉलनीत शेजारी-शेजारी वाढलेल्या पोरापोरींना वाटायचं, आपण जन्मभर इथेच राहणार. मग कोणाची बदली वाळूजला, कोणाचा बाप स्वेच्छानिवृत्ती घेऊन गावी, कोणाच्या घरी संपामुळे महिनोन् महिने पगार नाही. 1989 साली टेल्कोचा संप ऐन भरात होता, तेव्हा ठरलेली लग्नं पुढे ढकललेली मी पाहिली आहेत. पुढे 2007 मध्ये बजाजचं आकुर्डीतलं दुचाक्यांचं उत्पादन थांबलं आणि कारखानदारीचा जोर चाकणकडे सरकला. त्याआधी गेलेली माणसं आता चाकणमुळे परत येताहेत. तुझा हा त्यातलाच.

पण बाहेरचं कारण वेगळं आणि आतलं वेगळं. त्याच्या वडिलांनी नोकरी सोडली आणि कुटुंब बार्शीकडे गेलं, हे बाहेरचं झालं. तुझ्या वडिलांनी जात बघून नकार दिला, हेही बाहेरचंच. पुढे काय? बार्शीहून चिंचवडला पत्र येतच होतं की. तर एकदा दिवसाढवळ्या, समोरासमोर बसून, रडारड न करता त्याला विचार, "घरचे ऐकेनात हे मला माहीत आहे. तू काय केलंस?" आणि उत्तर नीट ऐक. "नोकरी नव्हती, धीर झाला नाही, घाबरलो," असं जो म्हणतो त्याच्याशी पुढचं बोलता येतं. जो आजही सगळं खापर आईवर, नशिबावर, पहिल्या बायकोवर फोडतो, तो उद्या ते तुझ्या डोक्यावर फोडेल. आणि हाच प्रश्न स्वतःलाही विचार. तेव्हा तू घरात तोंड उघडलं होतंस का? नसेल, तर आता मुलासमोर आणि सासूबाईंसमोर उघडता येईल का, ते आधी बघ.

तेव्हा ज्या अडचणीमुळे तुटलं, ती अडचण आज कुठे आहे, हाही शोध घे. आईच्या शब्दाबाहेर न जाणारा मुलगा पन्नाशीत बहिणीच्या शब्दाबाहेर जात नसेल, तर अडचणीने नुसतं नाव बदललं आहे.

भेटायचं कुठे, याचंही सांगते. मोरया गोसावींच्या देवळामागे पवनेच्या घाटावर बसा, सकाळी दुर्गा टेकडीवर फिरायला जा, लोकलने लोणावळ्यापर्यंत जाऊन या. सगळं चांगलं आहे. पण अशा ठिकाणी माणूस आपली चांगलीच बाजू दाखवतो. खरं बघायचं असेल तर संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याच्या गाडीत बसून मोशीहून चाकणला जा. चिंबळी फाटा, कुरुळी करत तळेगाव चौकापर्यंत पोचता पोचता कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या, सहा आसनी रिक्षा आणि शिफ्ट सुटलेल्या दुचाक्या यांच्यात गाडी जी अडकते ती हलायचं नाव घेत नाही. तिथे त्याच्याकडे बघ. कोणी आडवा घुसला की काच खाली करून आईबहिणीवरून बोलतो का? तू सांगितलेला आतला रस्ता चुकीचा निघाला तर खेकसतो का, की "असू दे, जाऊ हळूहळू" म्हणतो? शेजारचा दुचाकीवाला गाडीला घासून गेला तर खाली उतरून त्याची गचांडी धरतो का? तासाभराच्या त्या कोंडीत तुला त्याचा स्वभाव जितका कळेल तितका महिनाभराच्या फोनवर कळणार नाही. तुमच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावरच ही सोय आहे, ती वापर.

दुसरं बघायचं ते रात्रपाळीच्या आठवड्यात. कारखान्यातल्या माणसाची परीक्षा तिसऱ्या पाळीत होते. सकाळी घरी येऊन झोप न झालेला माणूस दुपारी तीनला फोनवर कसा बोलतो? चिडचिड होईल, ती होणारच, मशीनवरचा माणूस पण थकतो. पण चिडून झाल्यावर सावरतो का? घरी आल्यावर स्वतःचा डबा धुतो का? एकटा राहतो ना, मग त्याच्या खोलीवर जा. एकटी नको, मला किंवा ताईला घेऊन जा. ओट्यावर काय आहे, देवाजवळ दिवा लागतो का, कोपऱ्यात रिकाम्या बाटल्या आहेत का, औषधाच्या गोळ्या कसल्या आहेत, हे न विचारता दिसतं. पगार आणि हप्ते मात्र विचारूनच घ्यावे लागतात. माझ्या ओळखीत एका बाईने अशाच जुन्या ओळखीवर भिस्त ठेवून चार महिन्यांत लग्न उरकलं. नंतर कळलं की त्याच्या पगाराचा मोठा भाग सोसायटीच्या आणि खाजगी कर्जाच्या हप्त्यांत जातो, आणि घर तिच्याच पगारावर चालणार आहे. तो माणूस वाईट नव्हता. त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही, एवढंच. पण त्या 'एवढंच'पायी तिची दागिन्यांची डबी रिकामी झाली.

म्हणून पैशाचं बोलणं गुरुवारी ठेव. तुम्हा दोघांना गुरुवारची सुट्टी असते, डोकं थंड असतं. दोघांनी आपापलं बँकेचं पासबुक, कर्जाची कागदपत्रं, विम्याच्या पॉलिसी समोर ठेवायच्या. लाज कसली? कारखान्यात मालही तपासूनच पुढे जातो. आणि लग्नाआधी उसने पैसे द्यायचे नाहीत. अडचण कितीही खरी वाटली तरी नाही. खरी असेल तर ती लग्नानंतर दोघांची होईलच.

तुझ्या बाजूचे कागद तर मी तोंडपाठ सांगते. जावयांच्या मागे तुला भविष्य निर्वाह निधीकडून जे विधवा पेन्शन येतं, ते 1995 च्या योजनेप्रमाणे पुनर्विवाह झाला की थांबतं. ही रक्कम लहान असली तरी दर महिन्याची आहे, तेव्हा ती सोडायची तर डोळे उघडे ठेवून सोड. लग्न लपवून पेन्शन घेत राहण्याचा सल्ला तुला कोणीतरी देईल. ऐकू नकोस. खोटं लिहून दिलेला कागद कधीतरी उलटतोच. मुलाला पंचवीस वर्षांपर्यंत मुलांचं पेन्शन असतं, तू लग्न केल्यावर त्याच्या रकमेत काय फरक पडतो ते आकुर्डीच्या पीएफ कार्यालयात जाऊन विचार. तुझ्या स्वतःच्या पीएफवर लग्नानंतर नवं नामनिर्देशन भरावं लागतं. कंपनीच्या एचआरमध्ये जाऊन ग्रॅच्युइटीचं आणि मेडिक्लेमचंही बघून घे.

आणि फ्लॅट. प्राधिकरणाशेजारचा तो दोन खोल्यांचा फ्लॅट जावयांनी ओव्हरटाइम करकरून घेतला. तुझा मुलगा वीस वर्षांचा आहे. तू लग्नाचं बोललीस की त्याच्या मनात जो प्रश्न येईल तो तो बोलणार नाही, पण येईल: आता घर कोणाचं? मृत्युपत्र नसेल, तर तुझ्या पश्चात तुझ्या वाट्याच्या मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने नवऱ्यालाही वाटा जातो. सोसायटीत नुसतं नॉमिनी म्हणून नाव लावल्याने कोणी मालक होत नाही. म्हणून लग्नाच्या आधीच वकिलाकडून मृत्युपत्र करून घे, दोन साक्षीदारांसमोर सही कर, नोंदणी सक्तीची नसली तरी करून टाक. फ्लॅटमधला तुझा वाटा मुलाचा, हे त्यात स्पष्ट लिही आणि मुलाला ते वाचायला दे. त्या गृहस्थालाही आधीच सांग. त्याने मनापासून "बरोबर केलंस" म्हटलं, तर माझं त्याच्याबद्दलचं मत तिथेच चांगलं होईल. त्याच्या पहिल्या लग्नातल्या मुलीच्या नावे त्यानेही असंच काही करावं. ती आईकडे वाढली म्हणून तिचा हक्क कमी होत नाही.

मुलाला तूच सांग. ताईने नाही, मी नाही, आणि सोसायटीतल्या कोणी तर मुळीच नाही. बाहेरून कळलं तर त्याचा राग लग्नावर नसतो, लपवण्यावर असतो. त्याची परीक्षा संपू दे, मग एका सकाळी शांतपणे सांग. "तुला चालेल का?" असं विचारू नकोस. आईच्या लग्नाची परवानगी देण्याचं ओझं विशीतल्या पोरावर टाकायचं नसतं. "मी असा विचार करते आहे, तुला काय वाटतं ते मला ऐकायचंय," एवढं म्हण. तो दार आपटून गेला तर जाऊ दे, रात्री जेवायला येईल. त्याने त्या माणसाला बाबा म्हणावं असा हट्ट कधीही धरू नका. काका म्हणेल, नावाने हाक मारेल, नाहीतर नुसतं 'अहो' म्हणेल. वर्ष-दोन वर्षं तसंच चालू दे.

सासूबाईंचं मला जास्त वाटतं. तुझं लग्न म्हणजे त्यांना आपल्या मुलाचा दुसऱ्यांदा वियोग वाटेल, आणि त्याहून मोठी भीती असेल की आता आपण कुठे जायचं. त्या काही बोलल्या तर ते या भीतीतून आलेलं आहे हे ओळख. मुलाला सांगितलंस की त्याच संध्याकाळी त्यांना सांग, जवळ बसून. त्या तुझ्याजवळ राहणार असतील तर तसं त्या गृहस्थाला आधीच सांगून ठेव आणि त्याचा होकार घेऊनच सासूबाईंना शब्द दे. दिलेला शब्द मागे घ्यावा लागणार असेल तर देऊच नकोस. जावयांचा फोटो भिंतीवरून काढायचा नाही. दरवर्षीचं श्राद्ध चुकवायचं नाही. आणि त्या नव्या माणसाला उठता-बसता "आमचे हे असं करायचे" हेही ऐकवायचं नाही. जावई गेले ते देवमाणूस झाले, आता जिवंत माणसाची त्यांच्याशी बरोबरी लावून कोणाचंच भलं होत नाही. तुझ्या मनात दोघांना वेगवेगळी जागा आहे, ती तशीच राहू दे.

एक गोष्ट बायका बायकांशीही बोलत नाहीत, ती मी बोलते. तुझं वय पाळी जाण्याचं आहे. झोप उडते, अंग तापतं, कधी जवळ येऊच नये असं वाटतं. त्याला शुगर-बीपी असेल तर त्याच्याही अडचणी असतील. विशीतल्या आठवणी घेऊन दोघं एका खोलीत गेलात तर दोघंही ओशाळाल. लग्नाआधी दोघांनी डॉक्टरकडे जाऊन रक्ताच्या सगळ्या तपासण्या कराव्यात आणि मनातलं बोलून घ्यावं. घाई कशाचीच नाही.

लोकांचं म्हणशील, तर लोक बोलतील, कंपनीच्या बसमध्ये आठवडाभर बोलतील, मग पुढच्या वेतनकरारावर बोलायला लागतील. विधवाविवाहाचा कायदा 1856 सालीच झाला. अण्णासाहेब कर्व्यांनी 1893 मध्ये पुण्यात गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. त्या माणसांनी ते सोसलं म्हणून आज तुला फक्त कुजबुज सोसायची आहे.

लग्न करावं की नुसतं सोबत राहावं, असंही तू विचारलंस. पुण्यात माधव दामल्यांनी 2012 मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी लिव्ह-इनचं मंडळ काढलं. एकट्या म्हाताऱ्यांना सोबत मिळावी, आणि पेन्शन व वारसाहक्काच्या गुंत्यामुळे ती अडू नये, हा त्यांचा विचार मला पटतो. आपल्या चिंचवडगावातच एक जोडपं आहे, दोघं साठी उलटलेले, तरुणपणी एकमेकांना आवडलेले. लग्न न करता एका घरी राहतात, दोघांची पेन्शनं चालू, दोघांची मुलं दिवाळीला येतात. त्यांचं छान चाललंय. पण तू अजून पन्नाशीची नाहीस. तुझी नोकरी आहे, मुलाचं लग्न व्हायचंय, दवाखान्यात सही करायला नातं लागतं, विम्यात नाव लागतं. एका छपराखाली राहायचं असेल तर तू लग्नच कर, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि एकमेकांकडे फक्त येणं-जाणं ठेवायचं असेल तर तेही काही वर्षं खुशाल चालू दे. ते त्यालाही मान्य हवं मात्र.

लग्न ठरलंच तर विशेष विवाह कायद्याने नोंदणी करा. नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावं लागतं, ती फलकावर लागते, आणि तीन साक्षीदार लागतात. म्हणजे नोटीस देण्याआधी घरातल्या प्रत्येकाला माहीत झालेलं असलं पाहिजे. एक साक्षीदार मी. दुसरी त्याची बहीण असावी, तिची माझी ओळख त्याआधीच व्हायला हवी. तिसऱ्या सहीसाठी मुलाला गळ घालू नकोस. तो आपणहून म्हणाला तर त्याची, नाहीतर ताईच्या यजमानांची. जेवण घरचंच करू, पंचवीस-तीस पानांचं. ज्येष्ठातली तारीख घेतलीत तर वद्य पक्ष टाळा, तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला असते आणि आपल्या भागातले रस्ते बंद असतात. माणसं पोचणार नाहीत.

हुकूमनाम्याची झेरॉक्स आली की आधी मला दाखव. आणि येत्या गुरुवारी त्याला जेवायला घेऊन ये. तुझ्या काकांना त्याच्याशी चाकणच्या कामाबद्दल बोलायचंय, मला त्याच्या बहिणीचा नंबर हवाय.